भायखळ्याच्या मावशींना

प्रिय मावशी,

सलाम. हा शब्द मी तुमच्याकडूनच उचलला. आमच्याकडे भेटल्यावर रामराम म्हणतात. तुम्ही परळला रुग्णालयात आमच्या बाकड्याशी येऊन पहिल्यांदा 'सलाम, बाई' म्हणालात, तेव्हा उत्तर काय द्यायचं तेही मला सुचलं नव्हतं.

नाव लिहायचं नाही असं तुम्ही बजावलंत, म्हणून लिहीत नाही. पण पत्र उघड लिहिते आहे. तुमच्या मंडळीतल्या, म्हणजे तुमच्या चर्चच्या लोकांनाही पुरतं माहीत नसेल की त्या पावसाळ्यात तुम्ही आमच्यासाठी काय काय केलंत.

आम्ही बार्शीकडचे. पोरगा सात वर्षांचा. ताप उतरेना, पायांवर निळे डाग. गावाकडे महिना टॉनिकवर गेला आणि मग टाटा रुग्णालयात निदान झालं, रक्ताचा कर्करोग. डॉक्टरांनी धीर दिला की मुलांमधला हा आजार बरेचदा पूर्ण बरा होतो, पण उपचार दोन-अडीच वर्षं चालतात. हे मजुरीसाठी गावी परतले. मी, सासूबाई आणि पोरगा, एवढेच मुंबईत उरलो.

तुमच्याकडे मंडळीने सोपवलेलं काम अगदी नेमकं होतं. गुरुवारी डबे वाटायचे. पाळकसाहेबांची यादी, अकरा डबे, अकरा सह्या. तुम्ही आमचा डबा ठेवलात, पुढे गेलात आणि परत फिरलात. पोराच्या हातात मी रस्त्यावरून आणलेली कापलेली पपई होती. तुम्ही ती हळूच काढून घेतलीत आणि म्हणालात, "पांढऱ्या पेशी खाली गेल्यात ना याच्या? जंतू लगेच बाधतात. मग उघड्यावरचं, कापून ठेवलेलं काही नको. केळं दे, संत्रं दे, समोर सोलून दे." मुलांच्या वॉर्डात तीस वर्षं आया म्हणून काम केलेलं माणूस बोलत होतं. मला डॉक्टरांनीही सांगितलं असणार, पण त्या दिवसांत कानावर पडलेलं डोक्यात उतरत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. यादीत शुक्रवार नव्हता, तरी तुम्ही आलात. शनिवारी आलात. पुढचे पाच आठवडे एक दिवस चुकला नाही.

तो डबा मला अजून दिसतो. उकळत्या पाण्यातून काढलेला, स्वच्छ फडक्यात बांधलेला. आत मुगाची मऊ खिचडी, इतकी गरम की झाकण उघडलं की तुमच्या चष्म्यावर वाफ यायची. वर कच्ची कोथिंबीर कधी नसायची. एकदा तुम्हीच म्हणालात, "हाताला सवय आहे गं, भुरभुरायला जातो, आवरावा लागतो." सोबत उकळून गार केलेल्या पाण्याची किटली. घरी तुमची एकच शेगडी, हे मला फार उशिरा कळलं. म्हणजे पहाटे आधी आमचं पाणी उकळायचं आणि मग तुमच्या घरचा चहा.

मग प्लेटलेट, म्हणजे रक्त थांबवणाऱ्या पेशी, नऊ हजारांवर आल्या. निरोगी माणसाच्या दीड लाखाच्या वर असतात. हिरड्यांतून रक्त येत होतं. दात्याकडून काढून ठेवलेल्या प्लेटलेट पाच दिवसांपेक्षा जास्त टिकत नाहीत, त्यामुळे दाते पुन्हा पुन्हा लागतात. एकेक माणूस तास-दीड तास यंत्राला जोडून बसतो. मुंबईत मी कोणाला ओळखत होते? तुम्ही एक शब्द न बोलता फोन घेऊन जिन्यात गेलात. संध्याकाळपर्यंत तुमच्या चर्चच्या तरुण संघातली आठ मुलं हजर. दोघांची शीर सापडेना, एकाने डोकेदुखीवर ॲस्पिरिन घेतली होती, त्यांना परत जावं लागलं. एक तर सकाळीच बेस्टची रात्रपाळी संपवून थेट आला होता, डोळे लाल. त्यालाही आधी झोप काढून ये म्हणाले. तो गेला, झोपला आणि दुपारी पुन्हा आला. त्याची आईही तुमच्यासारखीच असणार.

आणि तो जुलैतला दिवस. हिंदमाताला पाणी भरलेलं, लोकल बंद. आज मावशी येत नाहीत असं धरून मी पोराला बिस्किटं दाखवत होते. साडेबाराला तुम्ही दारात. चिंचपोकळी, लालबाग करत चालत आलेल्या. साडी गुडघ्यापर्यंत चिंब, चप्पल तुटून हातात, आणि डबा प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत कोरडा. त्या दिवशी मी रागावूनच विचारलं, "मावशी, तुम्हाला कोण सांगतं हे करायला?"

तुम्ही बाकावर बसून पाय पुसत उत्तर दिलंत. माझे आजोबा वेठीच्या गोष्टी सांगायचे, साहेबाचा मुक्काम हलला की सामान डोक्यावर घेऊन गावशिवेपर्यंत जायचं, तिथे बोचकं टाकायचं आणि मागे वळायचं. हे मी तुम्हाला आधी कधीतरी सांगितलं होतं, ते तुमच्या लक्षात होतं. तुम्ही म्हणालात, प्रभू येशूच्या देशातही असंच होतं. रोमी शिपाई वाटेवरच्या माणसाला धरून ओझं वाहायला लावत. आणि प्रभू म्हणाला, वेठीला धरून एक कोस नेलं तर तू दोन कोस जा. "पहिला कोस शिपायाचा गं. दुसऱ्या कोसात मी माझ्या धन्याबरोबर चालते." मग लगेच म्हणालात, "खिचडी निवतेय, त्याला उठव."

आम्ही वेठ वारणं म्हणतो ना, कसंतरी उरकून टाकणं, ते मी त्या दिवसापासून फार वेळा आठवते. भांडी घासतानासुद्धा.

तुमची आजी केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये वाढली, हेही तेव्हाच कळलं. रमाबाईंनी स्वतः मराठीत केलेलं बायबल तिथल्याच मुलीबायकांनी छपाईचे खिळे जुळवून छापलं. त्या मुली भाकरीला मोताद होऊन, दुष्काळातून आलेल्या. आजी तुम्हाला म्हणायची, कोणी बघत नसलं तरी घडी सरळच घालायची. म्हणूनच ते डब्याचं फडकं इतकं नेटकं.

गावी काहींनी विचारलं, बाई धर्म बदलायला तर सांगत नाही ना? हे इथे लिहायलाच हवं. पाच आठवड्यांत तुम्ही एकदाच विचारलंत, "मी प्रार्थना केली तर चालेल?" सासूबाई माळकरी. त्या म्हणाल्या, "करा की, मी पण जपच करतेय." मग तुम्ही डोळे मिटलेत, त्यांनी माळ ओढली, आणि पोरगा दोघींच्या मध्ये झोपून गेला.

आता तो दहा वर्षांचा आहे. औषधं बंद झाली, तपासणीला तेवढं यावं लागतं. केस दाट आलेत आणि विहिरीत पोहायला शिकतोय.

मावशी, शेवटच्या दिवशीचा तुमचा डबा आमच्याकडेच राहिला. तो रिकामा परत करायचा नाही असं सासूबाईंचं म्हणणं, म्हणून तीन वर्षं फडताळात आहे, फडकं धुऊन तुमच्याच घडीत. जानेवारीत शेतात हुरडा असतो. या, चार दिवस राहा. डबा इथूनच भरून नेऊ, मी भायखळ्यापर्यंत पोचवायला येते.

तुमची,
बार्शीची लेक