साडेआठ हजारांचा शब्द, दहा हजारांचा करार

मा. गृहनिर्माण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई
(प्रत: मा. महसूल मंत्री)

विषय: भाड्याच्या घराचा विसार सरकारदप्तरी नोंदवण्याबाबत

सविनय नमस्कार.

मी कुपवाड एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत कामाला आहे. इतकी वर्षं तासगावात भाड्यानं राहिलो. यंदा थोरलीला सांगलीत अकरावीला प्रवेश मिळाला, म्हणून विश्रामबागेत घर शोधलं. दोन खोल्या, किचन, मागं धुणं वाळत घालायला जागा. सांगलीत घर बघताना भाड्याच्या आधी एक प्रश्न विचारतात, '२०१९ ला इथं पाणी किती होतं?' दुसऱ्या गावात 'पाणी येत नाही' ही तक्रार असते, आमच्याकडं ती घराची तारीफ आहे. या घरात पुराचं पाणी आलेलं नव्हतं, त्यामुळं भाडं थोडं चढं असणार हे मी धरूनच चाललो होतो.

मालकांशी बोलणं झालं. भाडं साडेआठ हजार, डिपॉझिट पंचवीस. चहा झाला. पाच हजार टोकन फोनवरनं जागच्या जागी पाठवले. मालक म्हणाले, 'शब्द म्हणजे शब्द. एक तारखेला या, करार सावकाश करू.' मीही कागद मागितला नाही. समोरच्याच्या घरात बसून, त्याचा चहा पिऊन, 'लिहून द्या' म्हणायला जीभ रेटत नाही.

तीस तारखेला रात्री आठला त्यांचा फोन आला. घरात निम्मं सामान पोत्यात, निम्मं खाली. आईनं देव्हारा जुन्या नऊवारीत गुंडाळून मांडीवर घेतला होता, तो टेम्पोत ठेवणार नाही, हातातच घेऊन येणार म्हणून हटून बसली होती. मालक म्हणाले, 'अहो, दुसरी पार्टी दहा हजार द्यायला तयार आहे. तुम्हाला आधी विचारतोय. डिपॉझिटपण चाळीस करावं लागंल. जमत नसंल तर टोकन लगेच माघारी घ्या.'

टोकन माघारी घेऊन जायचं कुठं? तासगावचं घर सोडतो म्हणून महिनाभर आधी सांगितलेलं, तिथं दुसरं बिऱ्हाड दोन तारखेला येणार. टेम्पोवाल्याला हजार रुपये दिलेले. पोरीचं कॉलेज सुरू झालेलं. मालकांना हे सगळं ठाऊक होतं, कारण पहिल्या भेटीत मीच भोळेपणानं सांगितलं होतं. मी 'बरं' म्हणालो. महिन्याला दीड हजार जादा म्हणजे अकरा महिन्यांचे साडेसोळा हजार, आणि डिपॉझिटचे पंधरा मेव्हण्याकडनं उसने.

साहेब, कायदा नाही असं मी म्हणत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चं कलम ५५ मी नंतर वाचलं. करार लेखी हवा, नोंदवलेला हवा, आणि ती जबाबदारी मालकाची. नोंदवला नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं, मालकानं उलट सिद्ध करेपर्यंत. वाचून बरं वाटलं. (अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, नोटरी पुरते, असं एजंट अजून छातीठोक सांगतात, तेही या कलमात बसत नाही.) पण या सगळ्याचा उपयोग घरात शिरल्यावर. शब्द दिल्यापासून कराराचा अंगठा लागेपर्यंतच्या पंधरा-वीस दिवसांत आमच्यासारख्याच्या हातात काय असतं? फोनमधली पाच हजारांची नोंद, आणि तिच्यापुढं लिहिलेलं 'घर टोकन'. 'कोर्टात जा' म्हणणारे भेटले. दीड हजारासाठी तारखा घ्यायच्या तर फाउंड्रीतले खाडे त्याहून महाग पडतील.

आमच्या बाजारात म्हशीचा विसार दिला की ती म्हैस दुसऱ्याला दाखवतसुद्धा नाहीत. जमिनीला विसारपावती असते. भाड्याच्या घरालाच ती नाही. भाडेकरार ऑनलाइन नोंदवायची सोय सरकारनं केलीच आहे. आधार, अंगठा, फोटो, सगळं घरबसल्या होतं. त्याच ठिकाणी एक पानी विसारपावती ठेवा. भाडं किती, डिपॉझिट किती, ताबा कोणत्या तारखेला, टोकन किती. दोघांच्या मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीनं ती पक्की व्हावी, पैसे लागू नयेत. मालक फिरला तर त्यानं टोकनाच्या दुप्पट द्यावे, भाडेकरू फिरला तर त्याचं टोकन बुडावं. कारण आमच्यातलेही फिरतात. चार घरांना टोकन लावून तीन मालकांना झुलवणारे मी पाहिलेत, आणि रिटायरमेंटच्या पैशात वरचा मजला चढवलेल्या माणसाचं घर महिनाभर रिकामं पडलं तर त्यालाही ते जड जातं.

केंद्रानं २०२१ साली राज्यांकडं पाठवलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घराचं डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्यापुरतं धरलंय. माझं चार महिन्यांचं गेलं. तो विषय वेगळा, पण फाइल उघडलीच तर तेही पान बघा.

करार शेवटी झाला, रीतसर नोंदणीचा. मालकांनीच एजंट बोलावला. साच्याच्या वाळूनं माझा अंगठा घासून गुळगुळीत झालाय, मशीन घेईना. एजंटनं तो ओल्या फडक्यानं पुसायला लावला, तेव्हा तिसऱ्या खेपेला लागला. प्रत फोनवर आली. भाडं दहा हजार, डिपॉझिट चाळीस हजार, 'उभय पक्षांच्या स्वखुशीनं'. साडेआठ हजार हा आकडा त्यात कुठंच नाही.

आपला,
विश्रामबाग, सांगली इथला एक भाडेकरू