'मिकमॅक्स' भुसावळ-वरणगावात दाखवा

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत 'मिकमॅक्स' या फ्रेंच सिनेमाबद्दल चार ओळी आल्या होत्या, किडनॅपिंगची धमाल कॉमेडी, डोकं बाजूला ठेवून बघा, असं काहीतरी. वाचून वाईट वाटलं. मी वरणगावचा, वडिलांची अख्खी नोकरी ऑर्डनन्स फॅक्टरीत काडतुसांच्या कामात गेली, आमच्या घरात तरी हा सिनेमा डोकं बाजूला ठेवून बघणं कोणाला जमलं नाही.

सिनेमा २००९ चा, डायरेक्टर ज्याँ-पिएर जने. बझील म्हणून एक साधा माणूस आहे, डॅनी बूनने काय सुंदर केलाय तो. लहानपणी बाप सुरुंग निकामी करताना गेला आणि मोठेपणी व्हिडिओच्या दुकानात बसलेला असताना बाहेरच्या गोळीबारातली एक गोळी याच्या डोक्यात घुसते, काढली तर धोका म्हणून डॉक्टर ती तशीच ठेवतात. नोकरी गेली, घर गेलं, मग भंगार गोळा करणारी एक टोळी त्याला आपल्यात घेते. एक दिवस भंगार नेताना त्याला रस्त्याच्या या बाजूला एक कंपनी दिसते आणि बरोबर समोर दुसरी, एकीने सुरुंग बनवलेला, दुसरीने गोळी. बदला सुरू होतो तो इथून.

आपल्याकडे बदला म्हटलं की हिरो शेवटी व्हिलनला ठार करणार हे ठरलेलंच. इथं तसं होत नाही. ही भंगारवाली माणसं दोन्ही मालकांना उचलतात, डोळे बांधतात, विमानाने परदेशात नेल्यासारखे आवाज करतात, आणि पट्टी काढली की समोर वाळवंट आणि बुरख्यातल्या बाया, प्रत्येकीच्या हातात सुरुंगाने जखमी झालेल्यांचे फोटो. हँडग्रेनेड आणि सुरुंगाच्या धाकाने दोघं भडाभडा सगळे धंदे कबूल करतात. सगळं नाटक असतं, टोळीनेच उभं केलेलं, पण कबुली खरी असते आणि ती यूट्यूबवर जाते. त्या बायांचे चेहरे झाकलेले आहेत, बोलत काहीच नाहीत, नुसते फोटो धरून बसल्यात. तिथं आमच्या घरात कोणी हसलं नाही.

आमच्याकडे असा सिनेमा दाखवला तर फॅक्टरीवाल्यांना राग येईल असं काही जण म्हणतात. मला नाही पटत. वरणगावची फॅक्टरी १९६४ ची, भुसावळची १९४९ ची, या दोन गावांतल्या किती पोरांची शिक्षणं त्या पगारावर झाली. भोंगा झाला की सायकली निघायच्या, काडेपेटी-बिडी गेटवर काढून ठेवायची, झडती द्यायची, मग आत. ही माणसं देशाच्या सैन्यासाठी काम करतात आणि सिनेमा अशा कामगारावर बोट ठेवतच नाही, तो बोट ठेवतो पैशासाठी कोणालाही माल विकणाऱ्या मालकांवर. शेजारचे एक रिटायर काका सिनेमा संपल्यावर एवढंच म्हणाले, "भो, काम करणारा येगळा अन् विकणारा येगळा." ऑक्टोबर २०२१ ला या फॅक्टऱ्या चालवणारं सरकारी ऑर्डनन्स बोर्ड मोडून ७ सरकारी कंपन्या झाल्या, तेव्हापासून माल कोणाला विकायचा, एक्स्पोर्ट किती करायचा हे शब्द आमच्याही कानावर पडायला लागलेत, मग हा विषय आम्ही बोलायचा नाही तर कोणी बोलायचा?

सुरुंगबंदीचा ओटावा करार १९९७ चा, फ्रान्सची त्यावर सही आहे, भारताची नाही. का नाही, सीमेवर सैन्याची गरज काय, याची दोन्ही बाजूंची माहिती तुमच्या पेपरने एकदा नीट छापावी ही विनंती.

आणि दुसरी विनंती, जळगाव-भुसावळच्या एखाद्या कॉलेजने किंवा वाचनालयाने हा सिनेमा परवानगी काढून मराठी सबटायटल्ससह दाखवावा. सबटायटल्स लिहायला मी आणि माझी भाची तयार आहोत, पैसे नकोत. दाखवायचं ठरलं तर फॅक्टरीची शिफ्ट सुटल्यानंतरची वेळ ठेवा.

— एक वाचक, वरणगाव