फारसीच्या बाईंना, रोहिडखोऱ्यातून

आदरणीय बाई,

तुमचं नाव लिहीत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही. पण आभार चारचौघांत मानल्याशिवाय मला राहवत नाही.

पुरंदरच्या मोहिमेचं आम्हाला शाळेत जे शिकवलं ते एवढंच: १४ एप्रिल १६६५ ला वज्रगड पडला, मुरारबाजी धारातीर्थी पडले, जूनमध्ये तह होऊन २३ किल्ले गेले, १२ राहिले. वर किल्ला लढत होता तेव्हा खाली मावळात काय चाललं होतं? मिर्झाराजे जयसिंगांनी औरंगजेबाला पाठवलेल्या पत्रांत ते आहे, एवढं कळलं होतं. वाचून दाखवणारं कोणी भेटत नव्हतं. एका नावाजलेल्या संस्थेत मला दारातूनच वाटेला लावलं. एक विद्वान म्हणाले, "मुरारबाजींचं विचारा, गावांचं काय घेऊन बसलात?" ते अजून मनातून जात नाही. गडावर लढणारी माणसं आली कुठून होती? त्याच गावांतून ना?

तुम्ही मात्र विचारलंत, "कुठल्या खोऱ्यातले तुम्ही?"

मग ती पत्रं लिहिणाऱ्या, जयसिंगांच्या मुन्शी उदयराजाच्या त्या नटव्या फारसीतून तुम्ही मला ओळ न ओळ खाली उतरवून दिलीत. मोगल सरदार दाऊदखान सहा हजार स्वार घेऊन निघतो. शेतीचा, वस्तीचा मागमूस राहू द्यायचा नाही असा हुकूम. रोहिडा किल्ल्याच्या आसपास सुमारे पन्नास गावं जाळली. बादशहाला कळवायची ती कामगिरी होती. एप्रिल संपत आलेला, म्हणजे पेरणी तोंडावर. घराबरोबर बियाणंही गेलं असणार.

तिथे तुम्ही थांबलात. वही माझ्याकडे सरकवून म्हणालात, "समासात तुमच्या गावाचं नाव लिहा. पुढे प्रश्नचिन्ह टाका. पुरावा नाही, पण शक्यता आहे."

बाई, त्या प्रश्नचिन्हासाठी हे पत्र. खोटा दिलासा तुम्ही दिला नाहीत, आणि माझं गाव पुसूनही टाकलं नाहीत. ज्ञान असलेली माणसं पुष्कळ भेटली. समोरच्याला आधी खुर्ची देणारी, त्याचा प्रश्न आपलाच समजून पान उलटणारी फार थोडी. त्यांच्याच जोरावर आमच्यासारख्यांचा इतिहास तगून आहे.

गावातल्या थोरांना तुमचं भाषांतर वाचून दाखवलं. पुढची पत्रं वाचायला दिवाळीनंतर येऊ का?

आपला,
रोहिडखोऱ्यातला विद्यार्थी