निसर्ग मंडळ : शनिवारी आवारातल्या झाडांची पाहणी

पाचवी ते सातवीच्या मंडळ सदस्यांनो आणि पालकहो,

येत्या शनिवारी सकाळी ठीक ७ वाजता मागच्या गेटजवळच्या काटेसावरीखाली जमायचे आहे. साडेआठला मुले वर्गात जातील. वेळ मुद्दाम लवकरची आहे. सावर सध्या पूर्ण निष्पर्ण आहे आणि लाल फुलांवर सकाळी साळुंक्या-बुलबुलांची झुंबड असते. उन्हे चढली की पाखरे पांगतात.

प्रत्येक गटाकडे एकच झाड राहील : सावर, पांगारा, करंज, कडुनिंब किंवा पिंपळ. कोवळी पाने, जुनी पाने, कळ्या, फुले, फळे यांपुढे ‘नाही’, ‘थोडी’ किंवा ‘भरपूर’ एवढेच लिहायचे. हीच नोंद मे महिन्यापर्यंत दर शनिवारी होईल, म्हणून झाड बदलून मिळणार नाही. (पिंपळवाल्यांनी नाराज होऊ नये, तांबूस पालवी त्यांनाच जवळून बघायला मिळेल.)

सोबत आणा :
- वही, पेन्सिल, पट्टी
- पाण्याची बाटली, टोपी
- असल्यास भिंग

फुले तोडायची नाहीत, फांद्या वाकवायच्या नाहीत. खाली पडलेले सावरीचे फूल मात्र जरूर उचला, पाच जाडसर पाकळ्या सोडवून आतले पुंकेसर मोजून बघा. सावरीच्या खोडाला काटे असतात, टेकून उभे राहू नका. पायात बूट हवेतच, चप्पल चालणार नाही.

मोबाइल फक्त शिक्षकांकडे असेल. मदतीला दोन-तीन पालक हवे आहेत. येणाऱ्यांनी गुरुवारपर्यंत वर्गशिक्षकांना कळवावे.