बेरूथिएल राणीची मांजरं

बडोदा,
रविवार

प्रिय शमे,

तुझं पत्र मिळालं, सोबतचं तुझ्या फँटसीवरच्या प्रबंधातलं कोष्टकही मिळालं. पत्र आवडलं. कोष्टकावरून भांडायचं आहे, म्हणून फोन न करता लिहायला बसलेय. फोनवर तू मला बोलू देत नाहीस.

डावीकडे पात्र, मधे ‘पाश्चात्त्य मूळ’, उजवीकडे ‘भारतीय समांतर’. टोल्किनच्या ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधला जादूगार गँडाल्फ, नॉर्स देव ओडिन, वसिष्ठ. त्याच कादंबरीतला राजवंशी ॲरॅगॉर्न, ब्रिटनचा राजा आर्थर, वनवासातला राम. टोल्किनची अंगठी, जर्मन दंतकथेतल्या निबेलुंगांची अंगठी, स्यमंतक मणी. तुझ्या गाइडबाई खूश झाल्या म्हणतेस. होणारच. भरलेल्या रकान्यांवर व्हायव्हात प्रश्नही छान विचारता येतात. पण प्रबंधाच्या शीर्षकात तू ‘मिथक आणि अर्थ’ असं लिहिलंयस, त्यातला अर्थ मला या कोष्टकात कुठे दिसला नाही.

स्यमंतकच घे. गणेशचतुर्थीला चुकून चंद्र दिसला की आपल्याकडे सगळ्यांना आठवणारी गोष्ट. रोज आठ भार सोनं देणारा मणी; तो गळ्यात घालून प्रसेन शिकारीला जातो, त्याला सिंह मारतो, सिंहाला जांबवान मारतो आणि मणी पोराला खेळायला देतो. इकडे द्वारकेत आळ कृष्णावर. ‘मौल्यवान पण घातक वस्तू’ एवढं साम्य धरून तू रकाना भरलास. भागवतात पुढे काय होतं बघ. मणी परत मिळतो, आळ जातो, तरी सत्राजिताचा खून होतो, मणी पुन्हा नाहीसा होतो, आणि या खेपेला खुद्द बलरामाच्या मनात कृष्णाबद्दल किल्मिष येतं. शेवटी कृष्ण अक्रूराला चारचौघांत मणी दाखवायला लावतो आणि त्याच्याकडेच राहू देतो. म्हणजे मोहात पाडणारी वस्तू गावात असताना माणसांनी एकमेकांवर विश्वास कसा ठेवायचा, हा तिथला पेच. टोल्किनची अंगठी कुणाकडेच ठेवता येत नाही, ती नष्टच करावी लागते. दोन कथा इथे फुटतात. लिहिण्यासारखं जे आहे ते या फाट्यावर आहे, आणि तेच तुझ्या रकान्यातून बाहेर राहिलं.

आणि गंमत म्हणजे ही तक्रार टोल्किननं स्वतःच केली होती. १९३६ साली ब्रिटिश अकॅडमीत ‘बेओवुल्फ’ या जुन्या इंग्रजी काव्यावर त्यानं व्याख्यान दिलं. एका माणसानं जुन्या पडक्या दगडांतून मनोरा बांधला, अशी त्यात एक दृष्टान्तकथा आहे. मित्र आले, दगड जुने आहेत हे त्यांनी ओळखलं, आणि कोरीव लेख शोधायला मनोराच पाडला. बांधणाऱ्याला त्या मनोऱ्यावरून समुद्र दिसत होता, हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. आता त्याच लेखकाच्या मनोऱ्याचे दगड आपण मोजतोय.

तुझी पहिलीच ओळ बघ. गँडाल्फ आणि ओडिन यांचं साम्य खोटं नाही. टोल्किनलाही ते मान्य होतं. पण हे नाव आलं कुठून? ‘व्होलुस्पा’ या जुन्या नॉर्स काव्यात बुटक्यांच्या नावांची एक लांबलचक यादी आहे, तिच्यातलं ते एक. नाव आहे, गोष्ट नाही. कधीतरी असेल, ऐकणाऱ्यांना माहीतही असेल. आपल्यापर्यंत नुसता उच्चार पोचला. टोल्किनच्या आधीच्या ‘हॉबिट’ या कादंबरीतल्या बुटक्यांची बहुतेक नावंही त्याच यादीतली. जुन्या भाषांत आयुष्य घालवलेल्या प्राध्यापकाला अशा पोरक्या नावांची ओढ लागणं मी समजू शकते. आपल्याकडे ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात पुरूरवा-उर्वशीचं सूक्त आहे, अठरा ऋचा, निव्वळ संवाद. कोण, कुठे, का भांडतायत, काही सांगितलेलं नाही, कारण ऐकणाऱ्याला ते ठाऊकच होतं. आपल्याला गोष्टीसाठी शतपथ ब्राह्मणाकडे जावं लागतं. तोवर आपण अनोळखी घरातलं भांडण दाराआडून ऐकणाऱ्यासारखे.

शमे, माझं म्हणणं एवढंच आहे: मिथक ओळखायचं ते त्यातल्या देवांवरून किंवा राक्षसांवरून नाही. आपण तिथे उशिरा पोचलोय, आपल्या आधी कितीकांनी हे ऐकलंय, सांगितलंय, बदललंय, ही जाणीव झाली की ते मिथक. खरी मिथकं ही जाणीव फुकट देतात, त्यांच्यामागे हजारो तोंडं असतात. आधुनिक फँटसी एकटा माणूस टेबलाशी बसून लिहितो, त्याच्यामागे कुणीच नसतं. म्हणून त्याला हे उशिरा येणं रचावं लागतं. ते कसं रचलंय आणि त्यातून काय साधलंय, हा तुझा विषय. कुठला देव कुठून उचलला, हा फार तर तळटीपेचा.

‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मध्ये मोरियाच्या भुयारी अंधारात ॲरॅगॉर्न गँडाल्फबद्दल म्हणतो, की आंधळ्या रात्रीसुद्धा हा बेरूथिएल राणीच्या मांजरींपेक्षा खात्रीनं घरची वाट काढेल. कोण ही राणी? मांजरं कसली? कादंबरी एक अक्षर पुढे सांगत नाही. बोलणाऱ्याला आणि ऐकणाऱ्यांना माहीत असावं असं ते वाक्य जातं, आणि वाचणारी मी एकटी बाहेर. तुझ्या कोष्टकात या मांजरांना जागा नाही, कारण त्यांना समांतर काही नाही. त्या एका वाक्यानं जे होतं ते ड्रॅगनांची फौज आणूनही होत नाही.

आपलं मात्र उलट आहे. रामायण-महाभारत इथे कुणी पहिल्यांदा वाचत नाही, असं कवी-अभ्यासक ए. के. रामानुजन त्यांच्या त्या गाजलेल्या निबंधात म्हणतात. आपण वाचायला बसतो तेव्हा गोष्ट आधीच अंगात असते. बडोद्याच्या मराठी घरात तर दुप्पट. आजीकडून कीर्तनातलं उषा-अनिरुद्ध आख्यान ऐकायचं, आणि चैत्र लागला की शेजारच्या गुजराती काकूंच्या घरी प्रेमानंदाचं ‘ओखाहरण’ चालू. प्रेमानंद याच गावचा, सतराव्या शतकातला. तांब्याच्या घड्यावर बोटांतल्या अंगठ्यांनी ताल धरून आख्यान सांगणाऱ्या माणभट्टांच्या परंपरेतलं मोठं नाव. भागवतात उषा ही बाणासुराची मुलगी, एवढंच. काकूंच्या गोष्टीतली ओखा मुळात पार्वतीची लेक, गणपतीची बहीण. शंकरानं गणपतीचं मस्तक उडवलं तेव्हा ती भ्यायली आणि मिठात लपली. म्हणून काकू चैत्रात अळणी जेवायच्या. ‘खरी गोष्ट कुठली?’ असं मी आजीला विचारलं, तर म्हणाली, ‘त्यांच्या घरी त्यांची.’ तुलनात्मक साहित्याच्या वर्गात मी हे जडजड शब्दांत शिकवते, पण याच्यापुढे फारसं काही सांगत नाही.

या गावाला पाठभेदांचं वेडच आहे म्हण. पुण्याला भांडारकरनं महाभारताची चिकित्सक आवृत्ती केली, तशी रामायणाची आमच्या प्राच्यविद्या मंदिरानं. १९७५ पर्यंत सातही कांडं छापून झाली. पोथ्या पोथ्यांशी ताडायच्या, उत्तरेचा पाठ, दक्षिणेचा पाठ, सर्वांत जुनं वाटतं ते वर, उरलेलं खाली टिपांत आणि परिशिष्टांत. पहिल्यांदा ते खंड चाळताना माणूस हबकतो. लक्ष्मणरेषा नाही. अहल्येची शिळा नाही. वाल्मीकीची अहल्या राखेत पडलेली, वाऱ्यावर जगणारी, कुणाला न दिसणारी.

आता याच्या शेजारी क्रिस्टोफर टोल्किनचं काम ठेव. वडील १९७३ साली गेले, मागे कागदांचे ढीग. मुलानं १९७७ मध्ये त्यातून सलग ‘सिल्मरिलियन’ काढलं आणि मग १९८३ ते १९९६ या काळात बारा खंड छापले, त्यात तीच कथा किती वेळा, कशी कशी लिहिली गेली ते सगळं टिपांसह. एका माणसाच्या कल्पनेची चिकित्सक आवृत्ती! त्या कामाची पद्धत आमच्या रामायणाच्या संपादकांना परकी वाटली नसती. फरक एवढाच, की इथे सगळे पाठभेद एकाच हाताचे.

आणि त्यातला माझा सर्वांत लाडका पाठभेद तू पूर्ण सोडलायस. १९३७ च्या ‘हॉबिट’मध्ये गुहेत राहणारा गॉलम, कथानायक बिल्बोशी लागलेल्या कोड्यांच्या पैजेत अंगठी बक्षीस म्हणून लावतो. हरतो, अंगठी सापडत नाही म्हणून माफी मागतो, बिल्बोला बाहेरची वाट दाखवतो. बराच सज्जन प्राणी. पुढे ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ लिहिताना अंगठी भयंकर झाली, ती कुणी आपणहून देईल हे शक्यच राहिलं नाही. म्हणून १९५१ च्या आवृत्तीत ते प्रकरण बदललं. दुसरा कुणी असता तर इथे थांबला असता. टोल्किननं जुना पाठ फेकून दिला नाही; नव्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्यानं सांगून टाकलं की तो बिल्बोच्या वहीतला मजकूर होता, आणि बिल्बो खोटं बोलला होता. अंगठीवरचा आपला हक्क पक्का वाटावा म्हणून. अशा सरळ माणसाला खोटं का बोलावंसं वाटलं, इथूनच गँडाल्फचा संशय सुरू होतो. लेखकाची डागडुजी पात्राच्या मनातला पहिला डाग झाली! अंगठी माणसाचं काय करते, हे या दोन आवृत्त्यांमधल्या फटीत जितकं कळतं तितकं मला लढायांच्या वर्णनांत कळलं नाही. अर्थ शोधायचा तर तो असा, एका सांगण्यातून दुसऱ्या सांगण्यात जाताना काय हललं ते बघून.

अमेरिकन लेखिका अर्सुला ल ग्विनबाईंचंही तेच, फक्त जास्त धाडसी. त्यांच्या ‘अर्थसी’ या बेटांच्या जगावरच्या मालिकेतली पहिली कादंबरी १९६८ ची, तिसरी १९७२ ची. रोक बेटावरची जादूची शाळा फक्त मुलग्यांची, आणि बायकांची जादू दुबळी अशी तिथली म्हणच. मग १९९० मध्ये ‘तेहानू’. तीच बेटं, पण कथा मध्यमवयीन विधवा तेनारच्या चुलीपाशी, तिनं सांभाळलेल्या भाजलेल्या पोरीपाशी. आणि महान जादूगार गेड सगळी शक्ती गमावून बसलेला. पुष्कळ जुने वाचक चिडले. मला वाटतं, इरावतीबाईंनी ‘युगान्त’मध्ये गांधारी-कुंतीकडे जसं नव्यानं पाहिलं, तसं या बाईनं स्वतःच्याच पुराणाकडे पाहिलं. जुनं खोडलं नाही. सांगणारा कोण होता आणि त्याला काय दिसत नव्हतं, ते दाखवलं.

सिद्धान्तांबद्दल विचारलंयस म्हणून थोडक्यात. टोडोरोव्ह (१९७०) एका परिच्छेदात आटप. हे नैसर्गिक की अतिनैसर्गिक अशा घुटमळण्याला तो ‘फँटास्टिक’ म्हणतो, आणि तुझ्या कादंबऱ्यांत कुणी घुटमळतच नाही. मेंडलसन (२००८) उपयोगी, विशेषतः दारातून दुसऱ्या जगात जाणाऱ्या कथांवर. ॲटबेरीचं २०१४ चं पुस्तक नीट वाच, फँटसीतून मिथकांशी पुन्हा नातं जोडलं जातं हा त्याचा मुद्दा तुझ्या जवळचा आहे. कॅम्पबेलला (१९४९) कृपा करून पाहुण्यासारखं वागव, घरधनी करू नकोस. त्याच्या ‘नायकाच्या प्रवासा’च्या चक्रात कुठलाही नायक बसतो. माझे विद्यार्थी तर त्यात फास्टर फेणेही बसवून दाखवतात.

आणि रूपकाचा मोह टाळ. अंगठी म्हणजे अणुबाँब, हे वाक्य तुझ्या दुसऱ्या प्रकरणात आहे, ते काढ. १९६५ च्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत टोल्किननं याला रोखठोक उत्तर दिलंय: खऱ्या महायुद्धाबरहुकूम लिहिलं असतं तर अंगठी नष्ट झालीच नसती, ती ताब्यात घेऊन खलनायक सौरॉनविरुद्ध वापरली गेली असती. बाँबशी नातं वाचकाला जोडता येतं. लेखकानं ते आत दडवून ठेवलं होतं असं म्हणणं वेगळं.

मराठीचं प्रकरण हवंच, पण देवांना सेनापती आणि पैलवान करणाऱ्या हल्लीच्या जाडजूड कादंबऱ्यांवर ते वाया घालवू नकोस. माझी मुलं-मुली त्या आवडीनं वाचतात, वाचू देत. पण तिथे खोली उसनी आहे. वाचकाला शंकर आधीच माहीत असतो, लेखकाला काही रचावं लागत नाही. त्यापेक्षा जी. ए. घे. ‘रमलखुणा’तलं ‘इस्किलार’ कुठल्याच पुराणात नाही, तरी वाचताना वाटतं की हे कुठेतरी दगडावर कोरलेलं होतं आणि आपण उशिरा आलो. हे मराठीत कसं साधलं, वाक्यं कशी ठेवली, नावं कुठल्या आवाजाची निवडली, यावर मी तरी काही धड वाचलेलं नाही. तू लिही.

गाइडबाईंना दुखवू नकोस. कोष्टक परिशिष्टात टाक, त्यांचं समाधान होईल. तिसरं प्रकरण मात्र बिल्बोच्या खोटेपणापासून सुरू कर आणि मला पाठव. दिवाळीनंतर दोन-चार दिवस काढून इकडे ये. प्राच्यविद्या मंदिरात रामायणाचे खंड दाखवते, तांबेकर वाड्यातली भित्तिचित्रंही बघू, आणि शेव-उसळ माझ्याकडून.

तुझी,
नंदी

ता. क. ‘हॉबिट’ची १९३७ ची प्रत शोधत बसू नकोस, परवडायची नाही. डग्लस अँडरसननं संपादित केलेल्या सटीप आवृत्तीत जुना पाठ दिलेला आहे. माझी प्रत सध्या एका विद्यार्थ्याकडे आहे. परत आली की स्पीड पोस्टानं पाठवते. पेन्सिलीनं केलेल्या खुणा माझ्या आहेत, पेनानं केलेल्या कुणाच्या ते मला ठाऊक नाही.