अलेक्स जिवंत आहे

कर्वेनगर, पुणे
१६ नोव्हेंबर

प्रिय शिरीष,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू बाबांची चौकशी केलीस आणि मी "मजेत आहेत" म्हणून विषय संपवला. सांगण्यासारखं खूप होतं, पण ऑफिसच्या जिन्यात उभं राहून सांगण्यासारखं नव्हतं. आज रविवार, बाबा जेवून आडवे झालेत, म्हणून निवांत लिहायला बसलोय. तुझं-माझं एक जुनं भांडणही या पत्रात निघणार आहे. अंतराळातल्या नऊ कादंबऱ्या आणि त्यांच्यावरची मालिका, त्या 'द एक्सपान्स'चं.

जानेवारी २०२२ मध्ये मालिका संपली तेव्हा आपण जवळजवळ दोन महिने बोललो नव्हतो. शेवटचा भाग बघून तू रात्री साडेबाराला फोन केला होतास, आणि मी सहावा सीझन बघणारच नाही म्हणून हटून बसलो होतो. पाचव्याच्या शेवटी त्यांनी अलेक्सला, रोसिनांते जहाजाच्या चालकाला, मारलं, तिथेच माझं मन उडालं. नटाला मालिकेतून जावं लागलं हे कारण मला माहीत होतं, तरी राग जाईना. वेगाच्या ताणाने मेंदूत रक्तस्राव होऊन मरतो तो पुस्तकात फ्रेड जॉन्सन, तेही सहाव्या पुस्तकात. मालिकेने फ्रेडला आधीच गोळी घातली आणि त्याचं मरण उचलून अलेक्सला दिलं. ज्या माणसाबरोबर नऊ पुस्तकं प्रवास केला, त्याला असं दोन मिनिटांत उरकलं.

आणि ती जहाजाची कप्तान ड्रमर! तिच्यावरून तर मी तुला काय काय बोललो. पुस्तकातल्या बुलचा मोडलेला कणा तिला दिला, मिचिओ पाचं अख्खं कुटुंब, तिची जहाजं, बंडखोर मार्को इनारोसशी तिने केलेली फारकत, सगळं एकट्या ड्रमरच्या पदरात. "चार माणसं कापून एक शिवलंय" हे माझं वाक्य होतं. तू म्हणाला होतास, "पण ती उभी राहिली की मला चौघंही दिसतात." मी फोन ठेवला होता.

खरं तर याच मालिकेसाठी आपण दोघं किती जीव टाकत होतो. मे २०१८ मध्ये तिसरा सीझन चालू असताना वाहिनीने ती बंद करायचं ठरवलं, तेव्हा डेक्कनला चहाच्या टपरीवर उभं राहून आपण त्या अर्जावर सह्या केल्या होत्या. लाखाहून जास्त सह्या झाल्या. तिकडे चाहत्यांनी वर्गणी काढून ॲमेझॉनच्या स्टुडिओवरून फलक लावलेलं विमान फिरवलं. महिना संपायच्या आत लॉस एंजलिसच्या अंतराळ परिषदेत बेझोसने मालिका वाचल्याचं जाहीर केलं, आणि तू भर रस्त्यात मला मिठी मारली होतीस. त्या मालिकेवरून आपण अबोला धरावा, याचं आज वाईट वाटतं.

आता बाबांकडे येतो.

आषाढात त्यांचा गुडघा धरला. पायऱ्या बंद, फिरणं बंद. भोसरीच्या कारखान्यात पस्तीस वर्षं फिटर म्हणून उभ्याने काम केलेला माणूस, बसून राहणं त्यांना जमेना. एका संध्याकाळी मी पहिला सीझन पुन्हा लावला होता आणि ते शेजारी येऊन बसले. डिटेक्टिव्ह मिलर लघुग्रहांच्या पट्ट्यातल्या सेरेसवर दारू ओतत होता. तुला तो क्षण माहीत आहे, बाटलीतून धार निघते आणि सरळ पडायचं सोडून बाजूला वळून पेल्यात जाते. बाबा म्हणाले, "थांबव. मागे घे." तीनदा बघितलं. मग मी समजावलं की सेरेसला त्यांनी भोवऱ्यासारखं फिरवलंय, माणसं आतल्या बाजूने राहतात, फिरण्यामुळे पृथ्वीच्या साधारण एक तृतीयांश वजन मिळतं. ते म्हणाले, "म्हणजे लेथचा चक फिरला की कूलंट भिंतीवर उडतो, तसे हे लोक भिंतीवर उडालेत. आणि धार हवेत असताना खालचा पेला तेवढा पुढे सरकतो." मला हे समजायला दोन लेख वाचावे लागले होते रे.

त्या दिवसापासून रोज रात्री एक भाग. इंग्रजी संवाद झपाझप जातात, म्हणून दर दोन मिनिटांनी थांबवून मी मराठीत सांगायचो. पन्नास मिनिटांचा भाग दोन तास चालायचा. रोसिनांतेची रचना त्यांना फार आवडली. तळाला इंजिन आणि त्यावर मजल्यावर मजले, इंजिन ढकलतंय तोवर वजन, बंद केलं की तरंगायचं, निम्म्या वाटेत जहाज उलटं करून वेग मारायचा. "ही तर इमारतच आहे," म्हणाले, "पाया पेटवून दिलेली." तिसऱ्या सीझनमध्ये ऐन लढाईत अवजारांचं कपाट उघडं राहतं आणि पाने गोळ्यांसारखे उडतात, तेव्हा दुखरा गुडघा विसरून ते उभे राहिले. "कडी कोणी लावली नाही?" त्यांच्या आवाजात इतका खरा राग होता की आई स्वयंपाकघरातून बाहेर आली.

बेल्टरना त्यांनी पहिल्या आठवड्यातच मराठी नाव दिलं. पट्टेवाले. लघुग्रहांच्या पट्ट्यात राहणारे म्हणून पट्टेवाले, आणि साहेबाच्या दाराबाहेर स्टुलावर बसणारा तोही पट्टेवालाच. शनीच्या कड्यांमधून बर्फ ओढून आणायचा यांनी आणि पाण्याचं माप ठरवायचं आतल्या, पृथ्वी-मंगळावरच्या लोकांनी, हे त्यांना सांगावं लागलं नाही. गेली सात वर्षं मी या शब्दाला मराठी प्रतिशब्द शोधत होतो, तुला ठाऊक आहे. आता दुसरा शोधणार नाही.

एक गोष्ट मात्र तुला आवर्जून सांगायची आहे. पाचव्या सीझनमध्ये मार्को पृथ्वीवर दगड टाकतो. रोसिनांतेवरचा एमॉस आणि कैदी क्लॅरिसा जमिनीखालच्या तुरुंगात अडकलेले, वर काय झालंय ते कोणालाच धड माहीत नाही. तो भाग संपल्यावर मी दिवा लावला तर बाबा तसेच बसलेले. मग हळूहळू बोलायला लागले. १२ जुलै १९६१. पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासला. ते तेव्हा आठ वर्षांचे, नारायण पेठेतल्या वाड्यात. "कोणाला काही माहीत नव्हतं. पाणी आलं, पळा, एवढंच." आजीने त्यांना बखोटीला धरून पर्वतीवर नेलं. परत आले तेव्हा वाड्याची एक भिंत उभी होती आणि तिच्या खुंटीला आजोबांची टोपी होती, चिखलाने भरलेली, पण खुंटीलाच. शिरीष, मी चाळीस वर्षांचा झालो, पानशेतच्या पुराबद्दल हजारदा ऐकलं, पण ही टोपी मी पहिल्यांदा ऐकली.

त्यानंतर सहावा सीझन बघणार नाही असं म्हणण्यात काही अर्थ उरला नव्हता. बासष्ट भाग पूर्ण झाले ते दिवाळीच्या महिनाभर आधी. आणि बाबांनी विचारलं, "त्या पोराचं काय?"

लॅकोनिया या दूरच्या ग्रहावरचा झॅन. अपघातात मेलेला, बहिणीने जंगलात नेलेला, त्या कुत्र्यांसारख्या प्राण्यांनी दुरुस्त करून परत पाठवलेला. सहाव्या सीझनच्या प्रत्येक भागाच्या सुरुवातीला थोडं थोडं दाखवलं आणि मालिका तिथेच थांबली, कारण शेवटची तीन पुस्तकं कोणी चित्रित केलीच नाहीत. मी म्हटलं, पुढचं पुस्तकात आहे. ते म्हणाले, "मग वाच."

म्हणून आता रोज रात्री सातवं पुस्तक मांडीवर घेऊन मी बाबांना मराठीत सांगतो. आधी दुपारी जेवणाच्या सुट्टीत दहा-बारा पानं वाचून ठेवतो, रात्री तोंडी. पहिल्याच रात्री अडलो. गोष्ट जवळजवळ तीस वर्षांनी पुढे सरकलीय, सगळे म्हातारे झालेत, आणि चालकाच्या खुर्चीत अलेक्स बसलाय. बाबांनी तर त्याला मरताना पाहिलेलं. त्या रात्री ते जेवलेही नव्हते नीट.

मी काय केलं असेल? अलेक्सला गाळलं. त्याची वाक्यं बॉबीला, त्या मंगळाच्या माजी सैनिकाला, दिली, काही क्लॅरिसाला. दोघी जहाजावर होत्याच. म्हणजे ज्यासाठी मी मालिकावाल्यांना शिव्या घातल्या तेच, दिवाणखान्यात बसून, एका श्रोत्यासाठी. आणि मला पटतही होतं की हेच बरोबर आहे. समोर बसलेल्या माणसाला गोष्ट पोचली पाहिजे, त्याने जे पाहिलंय त्याच्याशी ती जुळली पाहिजे, आणि माझ्याकडे रात्रीचा एकच तास आहे. मालिकावाल्यांकडे सीझनला कितीतरी तास होते.

ड्रमरचं तर उलटंच झालं. सातव्या पुस्तकात ती वाहतूक संघाची अध्यक्ष आहे. मालिकेच्या शेवटी रोसिनांतेचा कप्तान होल्डन ते पद सोडून तिच्याच हाती देतो. पुस्तकात तो मान आधी मिचिओ पाचा. मी वाचायला लागलो, "अध्यक्ष ड्रमर," आणि बाबा म्हणाले, "हो, झालीच होती ना ती." एक शब्दही समजवावा लागला नाही. मिचिओ पा कोण, ती कधी आली, कधी गेली, हे सांगत बसलो असतो तर झोपले असते. त्यांना ड्रमर पुरी ओळखीची होती. कण्याला यंत्र बांधून उभी राहिलेली ड्रमर, अ‍ॅशफर्डसाठी आक्रंदलेली ड्रमर. आणि अ‍ॅशफर्डचं तर मी आता बिनशर्त मान्य करतो. पुस्तकातला हटवादी कप्तान कुठे आणि मालिकेतला तो गाणं म्हणत मरणाला सामोरा जाणारा म्हातारा कुठे.

अकरा रात्री असं चाललं. बाराव्या रात्री जहाजाच्या स्वयंपाकघरातल्या गप्पा होत्या. मी बॉबीच्या तोंडी अलेक्सचं बोलणं घालत होतो. बाबांनी डोळे मिटले होते. मध्येच म्हणाले, "ही बॉबी नाही."

मी गप्प.

"ती असं बोलत नाही. ती दोन शब्दांत बोलते. हे अलेक्सचं आहे."

तुला आठवतं, अलेक्स मंगळावरच्या मरिनर व्हॅलीचा. तिथे भारतीय, चिनी आणि टेक्सासचे लोक वसले आणि सगळ्यांच्याच बोलण्यात टेक्सासचा हेल आला. मालिका बघताना मी त्याची वाक्यं मराठीत सांगायचो ती माझ्याही नकळत साताऱ्याकडच्या हेलात. "न्हाई ओ, बसा निवांत, नेतो की." पुस्तकातून बॉबीला दिली तेव्हाही तो हेल जिभेवर तसाच राहिला होता. बाबांनी माणूस आवाजावरून ओळखला.

मग सगळं सांगून टाकलं. पुस्तकात तो मेलेलाच नाही, पुन्हा लग्न केलं होतं, मुलगा आहे, किट नावाचा. मला वाटलं चिडतील. ते उठून बसले. म्हणाले, "आई मला नारद मंदिरात कीर्तनाला न्यायची. एक बुवा आख्यान एका तऱ्हेने लावायचे, दुसरे दुसऱ्या. आई घरी येऊन कधी म्हणाली नाही की अमक्याचं खोटं. जिवंत आहे ना? मग त्याचं सगळं पहिल्यापासून सांग. अकरा दिवसांचं राहिलंय."

दोन रात्री मागे जाऊन फक्त अलेक्सचं सांगितलं. बाबा इतके खूश होते की दुसऱ्या दिवशी सकाळी आईला म्हणाले, "अगं, अलेक्स आहे," जसं काही गावाहून कोणाची तार आली.

तेव्हा शिरीष, ड्रमरबाबत तुझं बरोबर होतं आणि त्या रात्री फोन ठेवला त्याबद्दल मला माफ कर. सगळंच मान्य करतोय असं समजू नकोस. पहिल्या सीझनमध्ये रोसिनांतेवरच्या त्या चौघांना उगाच एकमेकांवर संशय घ्यायला लावलंय ते मला आजही खटकतं. पुस्तकात ते संकटात किती लवकर एकमेकांचे होतात. पट्टेवाले उंच, काटकुळे, मोठ्या डोक्याचे दिसायला हवे होते. पहिल्या भागात संयुक्त राष्ट्रांची अधिकारी अवासराला ज्याला पृथ्वीच्या वजनाने टांगून छळते तो एक तसा दिसतो, पुढे बहुतेक सगळे आपल्यासारखेच. एवढी माणसं आणणार कुठून, हे कळतं, तरी ते शरीर डोळ्यांसमोर नसलं की छळाचं कारण निम्मं हरवतं. यावर भांडायचं असेल तर मी तयार आहे.

आता खरं काम. काल आठवं पुस्तक सुरू केलं. बॉबी बाबांची लाडकी आहे. रोज विचारतात, आज ती आहे का. आणि तुला माहीत आहे या पुस्तकात तिचं काय होतं. ते प्रकरण मी दुपारी ऑफिसात वाचायला घेतलं आणि मिटून ठेवलं. मला ते सांगता येणार नाही. बदलणारही नाही, आता बाबा ओळखतील. माझ्या हिशेबाने आम्ही डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारपर्यंत तिथे पोचू. तू नाशिकहून सकाळच्या गाडीने निघालास तर दुपारी घरी असशील. ते प्रकरण तू सांग. तुला बॉबीचं दोन शब्दांतलं बोलणं जमतं, पूर्वी तू करून दाखवायचास. तुझी प्रत आण, माझ्या आठव्याची शिवण उसवलीय, नेमकी तीच पानं निघून येतात.

आईने विचारलंय, तुला अजून अळूची भाजी आवडते का. पत्रात कळव, किंवा फोन कर. या वेळी ठेवणार नाही.

तुझा,
विनय