वाकलेला दांडा आणि तुझा सल्ला

राजेंद्रनगर, इंदूर
रविवार, रात्रीचे साडेदहा

प्रिय बंड्या,

शेतावरच्या एटीव्हीचा (हँडलवाल्या चारचाकीचा) स्टेम, म्हणजे हँडलपासून खाली चाकांकडे जाणारा उभा दांडा, वाकला तेव्हा परवा फोनवर तू एका दमात दोन सल्ले दिलेस. एक, "लेथवाल्याकडे टाक, दाबून सरळ करून देईल." दोन, "नाहीतर क्रोमोली पोलादाचा जाडजूड स्टेम मागव, पुन्हा वाकायचं नावच नको." मी हो-हो करत राहिलो, कारण भावजी शेजारीच बसले होते. त्यांच्यासमोर कबूल करायचं नव्हतं की तुझा पहिला सल्ला मी तू द्यायच्या आधीच ऐकून बसलो होतो आणि तोंडावर पडलो होतो. म्हणून हे पत्र.

झालं असं. सिमरोलच्या शेतावरची एटीव्ही भाच्याने काढली. सोयाबीन निघालेलं, बांधावर गवत कमरेएवढं, त्यात बांधाची कडा कुठे संपते ते दिसत नव्हतं. गाडी कलंडली ती हँडलवरच उलटी झाली. पोराचं मनगट मुरगळलं, त्यावर निभावलं. ताईने पंधरा दिवस माझ्याशी नीट बोलणं टाकलं होतं, जणू बांध मीच घातला होता.

गाडी सरळ केली, चालू झाली, चाकंही शाबूत. पण बसल्यावर काहीतरी चुकतंय असं वाटे. उजवीकडे वळवलं की हँडल गुडघ्याला टेके, डावीकडे वळवलं की हातातून पुढे पळे. आधी वाटलं हँडलच वाकलंय. सोडवून पाहिलं तर ते ठीक होतं. स्टेमच्या तळापासून चाकांपर्यंत जाऊन ती वळवणाऱ्या टाय रॉडवर दोरी ताणून धरली, तेही सरळ. मग कळलं की स्टेम वरच्या बुशच्या (ज्या कड्यात तो फिरतो त्याच्या) जरा वर उजवीकडे झुकलाय. मधला भाग बुशने चेसिसला पकडून ठेवलेला आणि वर सगळ्या गाडीचं वजन हँडलच्या तरफेने आलेलं, मग तिथे नाही वाकणार तर कुठे? नुसतं चाक दगडावर आपटलं असतं तर मार खालून, टाय रॉडमधून आला असता. तेव्हा रॉड वाकतो किंवा स्टेमच्या तळची पट्टी पिळवटते.

भावजी म्हणाले, "एवढ्याशा पाइपाला नवा कशाला?" मलाही पटलं. लोडिंग रिक्षातून गाडी घरी आणली, स्टेम काढून खरादवर नेला. (तुम्हा पुणेकरांचं लेथ.) त्याने थोडी आंच दिली, प्रेसवर दाबलं, दोनशे रुपये घेतले. डोळ्यांना एकदम सरळ. घरी आणून आईच्या ग्रॅनाइटच्या ओट्यावर लाटण्यासारखा फिरवला, तळची पट्टी कडेबाहेर लोंबती ठेवून. खाली ट्यूबलाइटचा उजेड अगदी बारीक झिरपत होता, पोस्टकार्ड काही शिरेना. आई म्हणाली, "पोळ्या लाटायच्या ओट्यावर ग्रीस आणू नकोस." मी पुसलं, स्टेम बसवला, भाच्याच्या पाठीवर थाप मारली.

दहा दिवसांत हँडल पुन्हा कलायला लागलं. या वेळी उघडलं तर आंच दिलेल्या जागी रंगाचे पोपडे सुटलेले, आणि हँडलच्या क्लॅम्पचा कान जिथे वेल्ड केलाय तिथे केसाएवढी रेघ. नखाने खरवडली तर नख अडकलं. रेघ नव्हती, तडा होता. बंड्या, ते बघून पोटात गोळा आला. बांधावरून उतरताना तो तुटला असता तर पोराच्या हातात नुसतं हँडल राहिलं असतं आणि चाकं मन मानेल तिकडे गेली असती.

पोलाद एकदा वाकून कायमचं बसलं की दाबून सरळ होतं, पण पूर्वीसारखं राहत नाही. वाकताना कडक होतं, सरळ करताना आणखी कडक, आणि वर आंच देऊन तेवढीच जागा मऊ केली की एका पाइपात दोन स्वभाव. एकदा वाकलेल्या जागेवरच पुढचा प्रत्येक धक्का येऊन बसतो. साधी लोखंडी कडी असती तर चाललं असतं. स्टेअरिंगला नाही चालत.

आता तुझा दुसरा सल्ला. मलाही मोह झालाच होता. ४१३० क्रोमोली म्हणजे क्रोमियम-मॉलिब्डेनमचं पोलाद, त्यातल्या तीसचा अर्थ सुमारे ०.३० टक्के कार्बन. आपण पीथमपूरला बाजासाठी (कॉलेजांच्या ऑफ-रोड गाड्यांच्या स्पर्धेसाठी) गाडी बांधताना तू हे इतक्यांदा सांगितलं होतंस की झोपेतही म्हणेन. पण तेव्हा आपल्या गाडीत रॅक आणि पिनियन, म्हणजे दातेरी पट्टी-चाकाचं स्टेअरिंग होतं, हँडलचा उभा दांडा नव्हताच. क्रोमोली साध्या पोलादापेक्षा फार ताठ नसते, लवायचं ते तितकंच लवते. फक्त कायमचं वाकायला जास्त जोर लागतो. तो जोर कुठेतरी जाणारच, आणि स्टेम हटला नाही तर बुशचा ब्रॅकेट धरून बसलेले चेसिसचे कान वाकतात. स्टेम दोन तासांत बदलून होतो. चेसिसचे कान वाकले की सगळं प्लॅस्टिक उतरवा, वेल्डर बोलवा, आणि मग गाडी आयुष्यभर एका बाजूला ओढते. सियागंजातला ज्याच्याकडे मी बुश शोधत गेलो तो म्हातारा मेकॅनिक हेच त्याच्या भाषेत म्हणाला, "भिया, डंडा टेढ़ा हुआ तो समझो चेसिस बच गई."

एक-दोन इंच लांब स्टेम मिळतो तो तुझ्यासारख्या सहा फुटी, उभा राहून चालवणाऱ्या माणसाला. भाचा अजून माझ्या खांद्याला लागतो. लांब दांड्याने तरफ वाढते आणि ब्रेकची नळी, थ्रॉटलची केबल तोकडी पडते. रेसिंग करणाऱ्याने क्रोमोली जरूर घालावी. आम्ही तर शेतात मोटर चालू करायला आणि लसणाच्या गोण्या ओढायला गाडी वापरतो. म्हणून कंपनीचा, मूळ मापाचाच नवा स्टेम मागवला. हे वाचून तू नाक मुरडणार, मला माहीत आहे.

बसवण्याचं थोडक्यात सांगतो. हँडल सोडवून दोरीने छताच्या हुकाला टांगलं, ब्रेकची ऑइलची डबी सरळ राहील असं; ती आडवी झाली की हवा शिरते आणि ब्रेक स्पंजी होतो. टाय रॉडच्या टोकांचे नट पूर्ण न काढता बोल्टच्या टोकाशी ठेवले आणि हातोडी बोल्टवर न मारता, तो निमुळता बोल्ट ज्या भोकात बसतो त्या डोळ्याच्या बाजूवर मारली. टेपर टिचकन सुटतो, आटे वाचतात. बुशच्या बोल्टवरची पत्र्याची दुमड उघडली, तळची कॉटर पिन (नट सुटू नये म्हणून घातलेली) नि नट काढला, स्टेम वर ओढला. तळच्या बेअरिंगमध्ये पावसाळ्याचा चिखल शिरून कढीसारखं तपकिरी काहीतरी झालं होतं. बेअरिंग, सील आणि नायलॉनचे दोन्ही अर्धे बुश नवे घातले, कारण जुना बुश अंडाकृती झिजला होता. नव्या स्टेमला जुना बुश म्हणजे नव्या जावयाला जुनं जानवं. कॉटर पिनाही नव्याच. सरळ करून पुन्हा वापरलेली पिन दिसली की मला आता तो तडा आठवतो.

शेवटी टो-इन, म्हणजे पुढची चाकं पुढच्या बाजूला किंचित आत झुकलेली ठेवणं. दोन्ही पुढच्या टायरांच्या मधोमध खडूने खूण केली, एक्सलच्या उंचीला पुढून मोजलं, गाडी अर्धा फेरा ढकलून त्याच खुणा मागे आणल्या आणि पुन्हा मोजलं. फरक १८ मि.मी. होता, तो ५ वर आणला. भाचा रॉड फिरवत होता आणि ओरडत होता, "मामा, हा तर उलटाच घट्ट होतोय!" एका टोकाला डावे आटे असतात हे त्याला तेव्हा कळलं. आता हे ज्ञान तो ताईला दिवसातून तीनदा सांगतो, आणि ताई माझ्याशी बोलायला लागली आहे.

काल चोरलच्या बाजूला कच्च्या रस्त्याने फिरवून आलो. दोन्ही मुठी गुडघ्यांपासून सारख्याच लांब. हात सैल सोडला तरी सरळ जाते.

सगळे नट शेजारच्या काकांकडून टॉर्क रेंच उसना आणून आवळले, कारण माझा तू बाजाच्या वेळी नेलास तो अजून तुझ्याकडेच आहे. दिवाळीला येशील तेव्हा घेऊन ये. वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
दिन्या